राज्याच्या बजेटमधलं आपल्यासाठी नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा की नवराबायको दोघंही प्रायव्हेट नोकरीत, नवऱ्याला बावीस हजार, बायकोला अठरा, तर राज्याच्या बजेटमधलं आपल्यासाठी काय बघायचं.

आधी सॅलरी स्लिप काढा. नवऱ्याच्या पगारातून प्रोफेशन टॅक्स कापला जातो ना, दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २५००, तो राज्याचा कर. बायकोच्या स्लिपवर तो नसायला पाहिजे कारण २०२३ च्या बजेटमध्ये महिलांसाठी सूट महिना २५ हजारांपर्यंत नेली. अजूनही कापत असतील तर उद्याच एचआरला विचारा, हक्काचे पैसे आहेत. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला, दुष्काळात गावातल्या मजुराला काम मिळावं म्हणून शहरातल्या पगारदाराने भरायचा, आणि मला आजही ती कल्पना फार मोलाची वाटते.

लाडकी बहीण तुम्हाला लागू नाही, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत लागतं, तुमचं चार लाख ऐंशी हजार होतं. पण तिचा परिणाम तुमच्यावरही होतोच. २०२५-२६ च्या बजेटमध्ये तिला ३६ हजार कोटी ठेवले आणि त्याच बजेटात महसुली तूट, म्हणजे सरकारच्या नेहमीच्या खर्चाला जमा कमी पडते ती रक्कम, ४५,८९१ कोटी दाखवली. हातात १५०० आल्यावर बाईला घरात जो आधार मिळतो तो खराच आहे, मी योजनेच्या विरोधात अजिबात नाही, पण २०२५ मध्ये तिच्यासाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्याचा निधी वळवला तेव्हा खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाटांनी उघड नाराजी सांगितली होती. वसतिगृहं, शिष्यवृत्त्या याच खात्यांतून चालतात हो, ती पोरंसुद्धा कष्टकऱ्यांचीच.

एसटीचंही तसंच. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. बायकोला तरी फायदाच, नवऱ्याला मात्र वाढीव भाडं पूर्ण. सवलतीचा फरक सरकारने एसटीला द्यायचा असतो, तो लांबला की ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार लांबतो.

म्हणून भाषण ऐकून खूशही होऊ नका आणि चिडूही नका. बजेटच्या पुस्तकात शेजारी शेजारी रकाने असतात, आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, म्हणजे सुरुवातीला ठरवलेला आकडा, आणि सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष संपत येताना बदललेला आकडा. तुम्हाला ज्याची गरज आहे, शाळा, सरकारी दवाखाना, अंगणवाडी, ती एकच ओळ धरा आणि अंदाजातून सुधारित अंदाजात आकडा किती घसरला ते बघा, खरी कात्री तिथे लागते आणि टीव्हीवर ती कोणी दाखवत नाही. नंतर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर मागितलेला जादा निधी, येतात, त्यात कुठल्या खात्याला जादा मिळाले ते कळतं. वर्षभर खर्च बघायचा असेल तर वित्त विभागाची बीम्स नावाची वेबसाइट आहे, खातं निवडलं की किती निधी सोडला आणि किती खर्च झाला ते दिसतं. तुमच्या आमदारांना भेटायला जाल तेव्हा त्याचं प्रिंटआउट घेऊनच जा.