दुबईची पिकअप देवगडला आणू का?

प्रश्न: भाऊ दुबईत आहे. तिथली 5 वर्षं जुनी हायलक्स स्वस्तात मिळतेय. आंब्याच्या पेट्यांसाठी आणावी का? – एक वाचक, देवगड

उत्तर: नका आणू. दुबईतल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं. आपल्या आयातीच्या नियमांत जुनी गाडी उजव्या स्टिअरिंगची हवी, शिवाय तयार होऊन 3 वर्षांपेक्षा जास्त झालेली नको. तुमची गाडी दोन्हीकडे अडते. वर सीमाशुल्क इतकं, की स्वस्ताई बंदरातच संपते. भावाला आजच फोन करा, त्याने बयाणा देऊ नये.

हायलक्सच हवी असेल तर ती 2022 पासून भारतात मिळते, कर्नाटकात बिडदीला जुळणी होते. पण तुमचं काम पेट्यांचं. या गाडीला दोन रांगांची केबिन, त्यामुळे हौदा आखूड. बोलेरो पिकअपचा हौदा लांब, फाळका पाडला की तिन्ही बाजूंनी पेट्या चढवता येतात, आणि तिचे पार्ट कणकवलीतही मिळतील. मी तरी तीच घेईन. बघायला जाताना दोन रिकाम्या पेट्या सोबत न्या, हौद्यात ठेवून बघा. चाकांवरचे कमानपट्टेही (लीफ स्प्रिंग) वाकून नीट बघा; बागेतल्या कातळावर सगळा भार त्यांच्यावरच येतो.