आधी बाक, मग पौंड

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तू करते आहेस त्या धनुष्याच्या डाव्या भुजेला आता रंधा लावू नकोस. पत्र इथवर वाचून झालं की रंधा कपाटात ठेव आणि मगच पुढचं वाच.

तू लिहिलंस, की ताण (दोरी ओढायला लागणारा जोर) ४५ पौंड भरतोय, तुला ३५ हवेत, म्हणून जिथे छान वाकतंय तिथूनच अजून थोडं काढू का? नको. फोटोत मला दिसतंय ते असं: मुठीचा उतार (जाड मूठ पातळ होत भुजेत मिसळते तो भाग) संपल्यावर वीतभर अंतरावर डावी भुजा एकाच जागी वळते आहे आणि तिथून टोकापर्यंत पट्टी सरळसोट. तुला जे ‘छान वाकणं’ वाटतंय ती बिजागरी आहे. सगळ्या भुजेने वाटून घ्यायचं काम ती चार बोटांची जागा एकटी करते आहे. तिथलं अजून लाकूड काढलंस तर ताण ३५ वर येईल, पण पंधरवड्यात त्या जागी पोटावर (ओढणाऱ्याकडच्या बाजूवर) बारीक आडव्या सुरकुत्या पडतील. दाबाखाली लाकडाचे तंतू चुरगळले की अशा सुरकुत्या येतात आणि त्या परत जात नाहीत.

टिलरिंग, म्हणजे लाकूड काढत भुजांचा बाक जुळवणं, हे करताना नव्वद टक्के लोक काट्याकडे बघत बसतात. काटा फार तर शेवटी बघायचा. आधी बाक बघायचा. बाक नीट जमला की ताण ३५ येवो की ३१, ते धनुष्य वर्षानुवर्षं चालतं. बाक चुकलेल्या ३५ पौंडाच्या धनुष्याची मी तरी खात्री देणार नाही.

एक हिशेब डोक्यात पक्का बसव. भुजेचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ५० मिलिमीटर रुंदीची ४५ केलीस तर ताठपणा दहा टक्क्यांनी घटतो. पण १२ मिलिमीटर जाडीतून एकच मिलिमीटर गेला, तर ताठपणा तेवीस टक्क्यांनी उतरतो. रंध्याचे चार हात जोरात मारले की मिलिमीटर कसा जातो, ते तू परवाच पाहिलं आहेस. म्हणून खडबडीत आकार येईपर्यंतच रंधा. भुजा वाकायला लागली की कानस, आणि शेवटी शेवटी स्क्रेपर. स्क्रेपर नसेल तर काचेचा सरळ धारेचा तुकडा चालतो, आपले जुने सुतार तेच वापरायचे. फक्त हातमोजे घाल आणि तुकडा टाकताना कागदात गुंडाळून टाक.

आता ती बिजागरी कशी घालवायची. सहा इंच लांबीचा, एक बाजू अगदी सरळ रंधलेला लाकडाचा ठोकळा घे. मध्यभागी आरपार भोक पाड आणि त्यात पेन्सिल घट्ट बसव, इतकी घट्ट की हाताने सरकवल्याशिवाय हलू नये. धनुष्य झाडावर चढव (टिलरिंगच्या उभ्या फळीला आमच्यात झाडच म्हणतात) आणि दोरी थोडी ओढून अडकव. वाकलेल्या भुजेचं पोट आतल्या बाजूला खोलगट होतं. ठोकळ्याची सरळ बाजू पोटावर ठेवलीस की दोन्ही टोकं टेकतात आणि मध्ये फट राहते. जिथे बाक सगळ्यात जास्त, तिथे फट सगळ्यात मोठी. त्या बिजागरीवर ठोकळा ठेवून पेन्सिलचं टोक लाकडाला जेमतेम लागणार नाही इतकंच पुढे कर. मग ठोकळा उतारापासून टोकापर्यंत सरकव. जिथे भुजा ताठ आहे तिथे फट कमी, म्हणून पेन्सिल घासत जाईल आणि रेघ उमटेल. बिजागरीवर रेघ उठणार नाही.

जिथे रेघ, तिथलंच लाकूड काढायचं. जिथे कोरं, तिथे हात लावायचा नाही. रेघ पुसली जाईपर्यंत लांब, हलके हात मार, एका जागी खरवडत बसू नकोस. मग धनुष्य वीस-तीस वेळा हलकं ओढून सोड. सोड म्हणजे दोरी हातात धरूनच हळू परत ने, झटक्याने मोकळी सोडायची नाही. लाकूड काढल्याबरोबर नवा बाक दिसत नाही, थोडं खेळवल्यावर तो समोर येतो. मग परत ठोकळा. तुझ्या भुजेवर सुरुवातीला बाहेरचा दोन-तृतीयांश भाग काळाच काळा होईल. घाबरू नकोस, असंच असतं. शेवटचे पाच-सहा इंच मात्र या खेळातून वगळ, ते जवळजवळ सरळच राहू देत.

तुझ्या पट्टीची रुंदी मध्यापर्यंत सारखी आहे आणि तिथून टोकाकडे निमुळती होते. अशा भुजेला वर्तुळाच्या तुकड्यासारखा बाक मागू नये. उताराजवळ अगदी थोडा, मध्यावर आणि मध्याच्या जरा बाहेर सर्वांत जास्त, असा बाक हवा. मुठीपासूनच सरळ रेषेत निमुळती होत गेलेली भुजा असती तर गोष्ट वेगळी. तिची जाडी जवळपास सारखी ठेवायची आणि बाक गोलाकार येऊ द्यायचा.

आता ताणाचा नियम. तुला ३५ हवेत ना? मग आजपासून शेवटपर्यंत त्या लाकडाला ३५ च्या वर एकदाही ओढायचं नाही. दोरी अठरा इंच ओढल्यावर ३५ आले, थांब. बाक तपास, काढायचं तिथून काढ, खेळव. मग ३५ वीस इंचांवर येतील, पुढे चोवीसवर, आणि शेवटी तुझ्या अठ्ठावीसवर. बाक चुकलेला दिसत असताना एक इंचही पुढे जायचं नाही. तुझा सामानाचा काटा किलोत दाखवतो, म्हणून सोपं करून सांगतो: ३५ पौंड म्हणजे १६ किलो. काट्यावर लाल खूण करून ठेव. आणि ते ४५ पौंड तू सैल लांब दोरीवर मोजले होतेस. तो आकडा फसवा असतो, त्यावर विसंबू नकोस. दोन्ही टोकं सारखी सात-आठ इंच हलायला लागली की लांब दोरी काढून आखूड दोरी चढव, आधी फक्त तीन इंच उंचीवर (मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर). सगळं जमल्यावर ती उंची सहा इंचांपर्यंत ने.

ओढताना धनुष्यासमोर उभी राहू नकोस. जमिनीला कप्पी ठोक, दोरखंड त्यातून घे आणि सात-आठ फूट लांब उभी राहून ओढ. मागच्या भिंतीवर खडूने आडव्या रेघा मारून ठेवल्यास तर डावं-उजवं टोक किती खाली आलं ते लांबूनही कळतं. आईला भिंतीचं तू सांग, माझं नाव घेऊ नकोस.

लाकूड आतून दुखावतंय का, ते बाहेरून कळत नाही. त्यासाठी एक तपासणी आहे. समज, आखूड दोरीवर वीस इंचांना ३० पौंड आले. लाकूड न काढता धनुष्य बावीसपर्यंत ओढ, खाली आण आणि परत वीसवर मोज. तेवढेच ३० आले तर लाकूड ठीक आहे. २८ आले तर मधल्या त्या दोन इंचांत पोट दबलं. बाक कुठे तरी अजून चुकतोय, नाहीतर लाकूड ओलं आहे. दोरी उतरवल्यावर टोकं पोटाच्या बाजूला किती झुकलेली राहिली तेही मोज. इंच-दीड इंच चालतं. दोनच्या पुढे गेलं की समजायचं, कुठे तरी घाई झाली.

ओलं लाकूड हा तुझा खरा शत्रू आहे, कारण तू चिपळूणला आहेस आणि हा भाद्रपद आहे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहिली की लाकडात १८ टक्के पाणी ठरतं. धनुष्याला हवं ८ ते १०. ओलसर ॲश (तुझ्या पट्टीचं लाकूड) वाकतो मजेत, पण परत सरळ होत नाही. बिजागरीत हे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. प्लायवूडची लांब पेटी कर, आत साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लाव (एलईडी नको, त्याला ऊब नाही) आणि वर दोन भोकं ठेव. आत हात घातला तर कोमट वाटलं पाहिजे, चटका बसता कामा नये. रोज स्वयंपाकघराच्या काट्यावर पट्टीचं वजन घे. तीन-चार दिवस ग्रॅमचाही फरक पडला नाही की वाळली. पण पेटीत महिनाभर विसरू नकोस, कारण फार सुकलेला ॲश फुटाण्यासारखा तडकतो.

तू विचारलंस, की ॲश दाबाला कमजोर, मग त्याचं धनुष्य करायचंच कशाला? म्हणूनच तर आपण ते चपटं आणि रुंद करतो. पाठीवर, म्हणजे पोटाच्या उलट बाजूवर, तंतूंना ओढ बसते, पोटावर दाब. बहुतेक लाकडं ओढ चांगली सोसतात, दाबाला आधी हार मानतात. रुंद, सपाट पोटावर तो दाब पसरतो. डेन्मार्कमध्ये होल्मगार्डच्या दलदलीत १९४४ साली सापडलेली धनुष्यं एल्म लाकडाची आहेत, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची, आणि त्यांच्या भुजा रुंदच आहेत. त्या माणसांना घनाचं सूत्र माहीत नव्हतं. अमेरिकेत १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी मोजमापं करून आयताकृती छेदाची भुजा कशी सरस ठरते ते दाखवलं. तुला गणित आवडतं, म्हणून सांगितलं. काम करताना त्याची गरज पडणार नाही.

धामणीच्या लाकडाचं विचारलंस. वखारीत रीतसर विकत मिळाली तर जरूर घे. कुऱ्हाडीच्या दांड्यांना तिचं लाकूड पूर्वीपासून वापरतात ते त्या लवचिकपणासाठीच. पण रानातून तोडून आणू नकोस. बांबू हा वेगळाच विषय आहे. सातपुड्यातल्या भिल्लांच्या तीरकमठ्याला दोरीसुद्धा बांबूच्या कांबीची असते. ते त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या हाताकडे बघून शिकायचं. पत्रात मावणारं नाही.

दोन्ही भुजा सारख्या वाकायला लागल्या की वरची कोणती, खालची कोणती ते ठरव. तुझी डावी थोडी मऊच राहणार, ती वर घे. बाण मुठीच्या वरून जातो, हात खाली असतो, म्हणून खालची भुजा किंचित ताठ हवी. दोरी चढवून उताराजवळ दोरीपासून लाकडापर्यंतचं अंतर मोज. वरचं अंतर तीन ते पाच मिलिमीटर जास्त भरलं की झालं. तिन्ही बोटं बाणाखाली धरून सोडणार असशील तर दोन्हीकडे सारखं ठेव.

हे सगळं करता करता ३५ चे ३० राहिले तर? राहू देत. फारच रुखरुख लागली तर दोन्ही टोकांकडून अर्धा-अर्धा इंच कापून दोरीच्या खाचा आत घे, थोडे पौंड परत मिळतील. पण ते बाक जमल्यावर, आणि पुन्हा एकदा ठोकळा फिरवून.

पाठीच्या कडा बोटाला टोचणार नाहीत इतक्या गोल कर, चिरफळी तिथूनच सुटते. पाठीवरचे तंतू मात्र कापू नकोस, सँडपेपर लांबीच्या दिशेनेच फिरव. तेल लगेच लावायचं नाही. आधी शे-दीडशे बाण सोड, कारण तेवढ्यात बाक परत थोडा सरकतो आणि तेल लावलेल्या लाकडावर पेन्सिल उमटत नाही. बाण फार हलके घेऊ नकोस. दर पौंडामागे साधारण ०.६५ ग्रॅम धर, म्हणजे ३५ पौंडांना २३ ग्रॅमचा बाण. हलक्या बाणाला सगळा जोर घेता येत नाही, उरलेला धक्का भुजांनाच बसतो. बाणाशिवाय दोरी सोडून बघायची हौस मित्रमैत्रिणींना फार असते. त्यांच्या हातात धनुष्य देण्याआधी दोरी उतरवून ठेव.

तुझा,
काका