हुला शिकताय? आधी गुडघ्यांकडे बघा

चाळिशीनंतर हुला, म्हणजे हवाई बेटांचा पारंपरिक नाच, सुरू करताय, छानच! फक्त सुरुवातीला हातांचा फार विचार करू नका. बघणाऱ्यांचं लक्ष हातांवर जातं खरं, पण नाच पेलतात ते वाकवलेले गुडघे. 'काहोलो' घ्या, बाजूला सरकत जाणारं चार तालांचं साधं पाऊल. आरशात डोकं वरखाली होताना दिसलं, की गुडघे सरळ होतायत असं समजा. रोज घरी थोडा वेळ एवढंच करा. गुडघे दुखत असतील तर कुमूंना, म्हणजे गुरूंना, पहिल्याच दिवशी सांगा.

गाण्याचा अर्थ मात्र पाठच हवा. पाऊस, वारा, फुलं, जे गाण्यात असतं तेच हात सांगतात. अर्थ न कळता केलेला हुला मला बघवत नाही. १८३० मध्ये हवाईत जाहीरपणे हुला करण्यावर बंदी आली होती. राजा कालाकाउआंनी १८८३ च्या राज्याभिषेकात त्याला पुन्हा मानाचं स्थान दिलं. इतक्या मानाची ही परंपरा आहे, म्हणून कुमूंच्या परवानगीशिवाय शिकलेला नाच कुठेही सादर करू नका, अगदी घरच्या लग्नातही.

ईस्टरनंतर हवाईतल्या हिलो शहरात मेरी मोनार्क हा हुलाचा महोत्सव असतो. तो जरूर बघा, आणि मागच्या रांगेत नाचणाऱ्यांचे पाय बघा.