पैज लावून पूल खेळताय? 'डबल'चं आधी बघा
तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि थोडं कसंतरीही झालं. पूलच्या डावात ब्रेकलाच (पहिल्याच फटक्याला) काळा, म्हणजे आठ नंबरचा बॉल, पॉकेटमध्ये पडला, एक म्हणतो जिंकलो, दुसरा म्हणतो परत लाव, आणि सगळ्यांचे पैसे मध्ये अडकलेले, हे आमच्या ग्रुपात अगदी असंच झालेलं. एटबॉल कसा खेळतात (आधी आपले सगळे बॉल घालायचे, शेवटी काळा) ते तुम्हाला माहीतच असणार, ते सोडतो.

तुमच्या भांडणाचं उत्तर सोपंय. जागतिक नियमांत ब्रेकवर आठ नंबर पडला म्हणून कुणी जिंकत नाही, ब्रेक करणारा एकतर काळा परत स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवून पुढे खेळतो नाहीतर पुन्हा ब्रेक घेतो. बऱ्याच ठिकाणी तो थेट विजय धरतात, पण तो घरचा नियम. नाइनबॉलला (एक ते नऊ बॉलचा खेळ, नऊ घालेल तो जिंकतो) मात्र ब्रेकवर नऊ नीट पडला की गेम खल्लास, त्यामुळे लोक दोन्हीची खिचडी करतात. काहीही ठरवा, पण खिशातून पैसे निघायच्या आधी.

आम्हाला खरं बुडवलं ते ब्रेकने नाही, 'चल, डबल' ने. हरला की प्रत्येक जण डबल, म्हणजे पुढच्या डावाला दुप्पट पैज, मागायचा आणि लिमिट कुणीच घातलेली नव्हती. ५ वेळा डबल म्हणजे मूळच्या ३२ पट, हे क्यू (खेळायची काठी) हातात असताना कुणाच्या डोक्यात येतंय! तर अशाच चढलेल्या डावात शेवटचा काळा उरलेला, पांढरा (ज्याला क्यूने मारतात तो बॉल) त्याच्या इतका जवळ की मध्ये चॉकचा ठोकळाही मावणार नाही, आणि समोरच्या भिडूने तो सरळ ढकलला. काळा पॉकेटमध्ये, आणि पांढराही टेबलावर त्याच वेगात त्याच्या मागे पळाला. हा सरळसरळ डबल हिट, क्यूचं टोक दोनदा लागल्याशिवाय पांढरा असा पळत नाही, आणि काळा घालवताना फाउल म्हणजे डाव गेला. तो म्हणे, कुणी बघितलं?

गेलो काउंटरवर. मागे भिंतीवर पाटी, 'व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम'. व्यवस्थापनाने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, तुमचं तुम्ही बघा, आणि वर भांडणात गेलेल्या वेळाचाही टेबल चार्ज लावला. अहो मग ती पाटी कशाला?? पैसे देऊन टाकले, पण तो भिडू जिंकूनही परत खेळायला आला नाही.

म्हणून माझं मत (पटत नसेल तर सोडून द्या), रक्कम त्या दिवसापुरती पक्की करा आणि डबल बंद. त्याहून बरं म्हणजे हरेल त्याने टेबल चार्ज भरायचा, बास. अवघड शॉटच्या आधीच तिसऱ्याला बघायला उभं करा, नंतर साक्षीदार शोधून काय फायदा. पांढरा आपल्या आणि दुसऱ्याच्या बॉलला एकदमच लागला आणि आधी कुठला ते कळलंच नाही, तर नियमाने निकाल खेळणाऱ्याच्या बाजूने.

पैशांवर खेळणं तुमच्याकडे कायद्यात बसतं का, क्लबला चालतं का, ते तुमचं तुम्ही तपासा, मी वकील नाही.

जाता जाता, एखादा कच्चा असेल तर त्याला सूट द्या, नाइनबॉलला त्याने आठ घातला तरी तो जिंकला असं धरा, नाहीतर दर वेळी त्याचाच खिसा रिकामा होतो. आणि तिघं असाल तर कटथ्रोट (प्रत्येकाचे पाच बॉल: १ ते ५, ६ ते १०, ११ ते १५; दुसऱ्यांचे घालवायचे, ज्याचे उरतील तो जिंकला) मजेत खेळा, पण त्यावर पैसे अजिबात नकोत, कारण दोघं संगनमत करून आधी तिसऱ्याचे बॉल घालवतात आणि ते कुठल्याच फाउलमध्ये बसत नाही.