लघवीतल्या मार्करवरून मूत्राशयाचा जुनाट दाह ओळखता येतो का?

वारंवार लघवीला जावे लागते, मूत्राशय भरत आले की दुखते आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) मात्र दर वेळी निरंक येते, असे तुम्ही लिहिले आहे. अशा वेळी लघवीतल्या एखाद्या ‘मार्कर’वरून दाहाचे निदान पक्के करता येईल का, हा तुमचा प्रश्न आहे. मी वैद्यकीय प्रयोगशाळेत लघवीचे नमुने तपासण्याचेच काम करतो. दाहाच्या खुणा लघवीत नक्की उतरतात, मात्र तो दाह कोणत्या आजाराचा आहे हे सांगणारी खात्रीची खूण अजून हाती आलेली नाही.

दाहाचा सर्वांत जुना मार्कर तुमच्या प्रत्येक अहवालात असतोच: पस सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशी. तपासणीच्या पट्टीवरचा एक चौकोन याच पेशींतल्या एस्टरेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) दोनेक मिनिटांत जांभळा होतो. नमुना बराच वेळ तसाच राहिला, किंवा लघवी फार पातळ असली, तर पेशी फुटून जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही. पट्टी मात्र जांभळी होते, कारण विकर लघवीतच उरलेले असते. उलट, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या जास्त प्रमाणात घेणाऱ्याची पट्टी पेशी असूनही कोरी राहू शकते. त्यामुळे एकाच अहवालातल्या ‘निल’वर मी फारसा विसंबत नाही.

तुम्ही वाचलेले मार्कर याच्या पुढचे आहेत. त्यांपैकी नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ, हे प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरातून आणि स्नायूंतून स्रवते व तिथल्या संवेदी नसांना अधिक हळवे करते. इंटरस्टिशियल सिस्टायटिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाशिवाय होणाऱ्या मूत्राशयाच्या जुनाट, दुखऱ्या आजाराच्या, अनेक रुग्णांत ते वाढलेले आढळले आहे, पण अतिक्रियाशील मूत्राशयात आणि साध्या जंतुसंसर्गातही ते वाढते. इंटरल्यूकिन ६, इंटरल्यूकिन ८ आणि एमसीपी १ या दाहात स्रवणाऱ्या प्रथिनांचीही तीच गत आहे. रुग्णांच्या गटाची सरासरी निरोगी गटापेक्षा वर असली, तरी दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या माणसाचा आकडा पाहून तो कोणत्या गटातला हे ठरवता येत नाही. शिवाय पाणी कमी-जास्त प्यायल्याने लघवी दाट किंवा पातळ होते, म्हणून आकडा क्रिएटिनिनच्या (स्नायूंतून तयार होऊन लघवीत उतरणाऱ्या टाकाऊ पदार्थाच्या) प्रमाणात मांडावा लागतो आणि क्रिएटिनिन स्वतः स्नायूंच्या वजनानुसार बदलते.

सर्वाधिक आशा एपीएफ, म्हणजे अँटिप्रोलिफरेटिव्ह फॅक्टर, या रेणूने दाखवली होती. इंटरस्टिशियल सिस्टायटिसच्या रुग्णांच्या लघवीत सापडलेला हा रेणू मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशींची वाढ रोखतो. २००४ साली त्याची रचनाही उलगडली. तरीही त्यातून रोजच्या वापराची तपासणी उभी राहिली नाही. माझ्या मते, अशा मार्करचे महागडे पॅनल स्वखर्चाने करून घेण्याआधी ‘निकालावरून उपचार बदलणार आहेत का?’ असे डॉक्टरांना विचारावे.

त्याआधी काही ठोस गोष्टी मार्गी लावायला हव्यात. पस सेल्स वारंवार दिसूनही कल्चर निरंक येत असेल, तर मूत्रमार्गाचा क्षयरोग, मुतखडा आणि क्लॅमिडिया (लैंगिक संबंधातून होणारा जंतुसंसर्ग) यांचा शोध घ्यावा लागतो. क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाहीत, त्यांच्यासाठी पहाटेच्या लघवीचे नमुने सहसा लागोपाठ तीन दिवस पाठवतात. लघवीत रक्तपेशी असतील तर पेशीतपासणी आणि दुर्बिणीची तपासणी लांबवू नये, कारण अस्तरापुरता मर्यादित असलेला कर्करोगही हुबेहूब अशीच लक्षणे देतो. इंटरस्टिशियल सिस्टायटिसच्या काही रुग्णांत असणारे, डॉ. गाय हनर यांनी १९१५ च्या सुमारास वर्णन केलेले लालसर व्रणही दुर्बिणीतूनच दिसतात. सीएक्ससीएल १० नावाचा मार्कर या व्रणांच्या रुग्णांत जास्त आढळतो खरा, पण व्रण आहे की नाही हे ठरवायला आजही दुर्बीणच लागते आणि तो सापडला तर तिथल्या तिथे जाळून किंवा त्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन बऱ्याच जणांचे दुखणे कमी करता येते.