सिंपल मोड-ॲडव्हान्स मोड नको, कामानुसार स्क्रीन करा

पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर कॅशियर, मॅनेजर, ऑडिटर सगळेच बसणार म्हणून सिंपल आणि ॲडव्हान्स असे दोन मोड ठेवू का, असं विचारलंय तुम्ही. माझ्या मते नकोच. एकच माणूस एका कामात तरबेज आणि दुसऱ्यात नवखा असतो हो. जो कॅशियर दिवसभर कीबोर्डकडे न बघता भरणा-उचल मारतो तोच ३१ मार्चला व्याज आकारणीच्या स्क्रीनवर बिचकतो, मग त्याला टाकणार कुठल्या मोडमध्ये?

रोजच्या एन्ट्रीसाठी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर नीट बघा. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एंटर मारत पुढे जायचं, माऊसला हात लावायची गरजच नाही. व्हाउचर (व्यवहाराची नोंद) टाकताना लेजरच, म्हणजे ते खातंच नाही असं लक्षात आलं तर तिथेच ऑल्ट+सी, लेजर बनवा, परत त्याच व्हाउचरमध्ये. २०२० ला टॅलीप्राइम आलं, मेनू बराच बदलला, ऑल्ट+जी ने काहीही शोधायची सोय आली, पण एफ५-एफ६ जागचे हलले नाहीत, कारण ते लोकांच्या बोटांत बसलेत.

वर्षातून एकदा लागणाऱ्या स्क्रीनचं बरोब्बर उलटं. तिथे घाई नको, किती खात्यांवर किती व्याज पडणार ते आधी दाखवा, मग पोस्टिंग (खात्यांवर प्रत्यक्ष नोंद), आणि चुकलं तर उलट एन्ट्रीची सोय हवीच.

कमी वापरलेलं आपोआप लपवायचा मोहही टाळा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० मध्ये मेनू तसेच होते, न वापरलेल्या कमांड गायब व्हायच्या आणि माणूस शोधत बसायचा. हक्कानुसार लपवणं वेगळं, ते करायलाच हवं, कॅशियरने एन्ट्री टाकावी, अधिकाऱ्याने पास करावी, ऑडिटरने फक्त बघावं.

मराठी स्क्रीन देणार असाल तर ओळीची उंची वाढवा, नाहीतर 'कर्ज वर्गीकरण'चे रफार वेलांट्या वरून कापल्या जातात (हे डेव्हलपरला दिसतच नाही, तो इंग्रजीत टेस्ट करतो). आणि रक्कम १२,५०,००० अशीच दिसू दे, १,२५०,००० नाही.

डिझाइनला हात घालण्याआधी गर्दीच्या वेळी काउंटरमागे जाऊन बसा. मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचा, त्यावर जे लिहिलंय ते तुमच्या स्क्रीनवर नाहीये, कामाला सुरुवात तिथूनच करा.