‘डाउअर’ म्हणजे हुंडा नव्हे!

विचारणा अशी आहे: जॉर्ज वॉशिंग्टनवरच्या मराठी लेखात ‘प्लांटर’ला जमीनदार म्हणावं की मळेवाला? आणि त्याच लेखात वॉशिंग्टनच्या बायकोबद्दल ‘मार्थाने हुंड्यात आणलेले गुलाम’ असं आहे, ते चालेल का?

पहिल्याचं उत्तर झटपट देतो. जमीनदार नको. आपल्याकडे जमीनदार म्हटलं की कुळं आली, खंड आला, धनी ओसरीवर बसून आहे असं चित्र आलं. व्हर्जिनियातला प्लांटर जमीन स्वतःच्या हिशेबाने पिकवून घ्यायचा, गुलामांकडून आणि मुकादमांच्या धाकाखाली. तंबाखू लंडनच्या व्यापाऱ्याकडे पाठवायचा आणि बहुधा त्याच व्यापाऱ्याचा कर्जदार असायचा. मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावरचा तुकडा हे खरं, पण चहा-कॉफीच्या मळ्यांनी तो शब्द कधीच ऐसपैस केलाय. मळेवाला चालेल. जाता जाता: सतराव्या शतकात ‘प्लांटेशन’ म्हणजे रोपं नव्हे, माणसं नेऊन वसवणं. जुन्या कागदपत्रांतली आपली ‘लावणी-संचणी’ त्याच्या बरीच जवळ जाते.

आता हुंडा. हे वाचून डोकं फिरतं, कारण ही चूक एकट्या या लेखाची नाही. ‘डाउअर स्लेव्ह’ दिसला रे दिसला की लेखणी ‘हुंड्यातले गुलाम’ लिहून मोकळी होते. मार्थाने माहेरून आणलेली ही माणसं नव्हेतच. तिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस 1757 मध्ये मृत्युपत्र न करता वारला. कायद्याप्रमाणे दोन तृतीयांश मालमत्ता मुलांची आणि एक तृतीयांश विधवेच्या वाट्याची, पण फक्त ती जिवंत असेपर्यंत. या तिसऱ्या हिश्श्याला डाउअर म्हणतात. तो माहेरचा नाही, सासरचा. लग्नात मिळालेला नाही, नवरा गेल्यावर मिळालेला.

1759 मध्ये तिने वॉशिंग्टनशी लग्न केलं. तिच्या वाट्याचा कारभार नव्या नवऱ्याकडे आला, मालकी आली नाही. त्यात 1705 च्या कायद्याने व्हर्जिनियात गुलाम स्थावर ठरले होते. माणूस, आणि स्थावर! आणि 1662 पासून मूल आईच्या दर्जाचं, म्हणून डाउअर बाईची सगळी पोरं डाउअर.

गोंधळ होतो त्याला इंग्रजीच जबाबदार आहे, आणि इथेच खरी गंमत सुरू होते. ‘डाउअर’ आणि ‘डाउरी’, म्हणजे हुंडा, हा मुळात एकच शब्द. दोन्ही फ्रेंचमधून आले, लॅटिन ‘दोतारिउम’पासून, आणि त्याच्या मुळाशी ‘दोस’, म्हणजे दिलेलं धन. एकाच आईच्या दोन लेकी. एक विधवेकडे गेली, दुसरी नवरीकडे. ‘डाउएजर’ ही म्हातारी विधवासुद्धा याच घरची. ‘दोस’चा धातू तोच, जो आपल्या ‘दान’मध्ये आहे, ‘देणे’मध्ये आहे.

मग ‘दाय’ही त्याच घरचा का? वारसा म्हणून मिळणारा तो दाय, त्याचे भागीदार ते दायाद, म्हणजे भाऊबंद. माझं मत: हो. भाषाशास्त्रातले काही पंडित नाक मुरडतात. त्यांच्या मते हा दाय ‘वाटणे’ अर्थाच्या वेगळ्या ‘दा’ धातूचा, ‘देणे’वाल्याशी त्याचं नुसतं रूप जुळतं. असेल. पण बंगालचा जुना धर्मशास्त्री जीमूतवाहन, त्याने ‘दायभाग’ या वारसाहक्कावरच्या ग्रंथात सरळ ‘दीयते इति’ अशी फोड केली आहे, आणि तीही डोळे मिटून नाही. मेलेला माणूस उठून कुणाला काही देत नाही ही अडचण त्याला दिसली होती. म्हणून तो लगेच म्हणतो की इथे ‘देणे’ गौण अर्थाने घ्यायचं: एकाची मालकी संपते, दुसऱ्याची सुरू होते, फळ दानासारखंच. धातूंची जुळवाजुळव करणाऱ्यांपैकी कुणी इतका बारीक विचार केलेला मला दिसला नाही. ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहिणारा विज्ञानेश्वर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राने ज्याचं ऐकलं तो, व्युत्पत्तीच्या वाटेलाच जात नाही. मूळ मालकाशी असलेल्या नात्यामुळेच जे धन दुसऱ्याचं होतं तो दाय, एवढं सांगून मोकळा. वकील म्हणून चोख, शब्दवेडा म्हणून कोरडा!

विज्ञानेश्वराची व्याख्या माउंट व्हर्ननला, म्हणजे वॉशिंग्टनच्या मळ्याला, लावून बघा. 1799 मध्ये तिथे 317 गुलाम होते: 123 वॉशिंग्टनचे, 153 डाउअर, 41 भाड्याने आणलेले. त्याने मृत्युपत्रात आपल्या माणसांना मार्थाच्या पश्चात मुक्त करा असं लिहिलं. तिने ते आधीच, 1 जानेवारी 1801 ला केलं. 153 जणांना मात्र दोघांपैकी कुणीच सोडू शकत नव्हतं, कारण ते कस्टिसच्या वारसांचे. घरातला बटलर फ्रँक ली वॉशिंग्टनच्या मालकीचा, तो सुटला. त्याची बायको लूसी, स्वयंपाकीण, ती डाउअर. म्हणजे त्यांची मुलंही डाउअर. एकाच खोपटात बाप स्वतंत्र, बाकी सगळे कस्टिसांची स्थावर मिळकत. 1802 मध्ये मार्था गेली आणि डाउअर माणसांची तिच्या चार नातवंडांत वाटणी झाली.

‘हुंडा’ लिहिलं की हे सगळं पुसलं जातं. हुंडा म्हणजे ठोक रक्कम, एकदा दिली की विषय संपला. ठोक दराने माल पोचवणारा तो हुंडेकरी. स्त्रीधनही नको. स्त्रीधन बाईचं स्वतःचं, ते ती विकू शकते. मार्थाला यातला एकही माणूस विकता येत नव्हता, सोडताही येत नव्हता. आपल्याकडे 1956 च्या वारसा कायद्याआधी हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत जो हक्क असे, तो याला जास्त जवळचा. त्याला ‘हयातीचा हक्क’ म्हणत, आणि शब्द कचेरीतला असला तरी नेमका आहे.

तेव्हा लेखातलं ‘हुंड्यात आणलेले’ खोडा आणि ‘पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतून हयातीपुरते वाट्याला आलेले’ असं लिहा. लांबलचक होतं. होऊ द्या.